ढवळेनाना आणि कोपऱ्यावरचं घर

घर दाखवणारा एजंट सुरुवात हॉलपासून करतो. आमचे ढवळेनाना संडासापासून करत. गिऱ्हाइकाला थेट मागच्या बाजूला न्यायचं, आत उभं करायचं, बाहेरून कडी घालायची आणि दाराला तोंड लावून विचारायचं, "कोंडल्यावानी वाटतंय का? खरं सांगा. घेतल्यावर सांगून उपेग न्हाई."

एकदा असंच एका बँकेच्या मॅनेजरांना आत घातलं आणि नानांना फोन आला. बोलत बोलत नाना गेटबाहेर गेले, तिथून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि चहा पिऊन परत आले. मॅनेजरांनी आतून दार ठोकून ठोकून शेवटी नाद सोडला होता. विशेष म्हणजे त्यांनी तेच घर घेतलं. नानांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "एवढा वेळ मानूस आत राहिला आन बेशुद्ध पडला न्हाई," ते म्हणाले, "म्हंजे हवा खेळती हाय."

नाना मूळचे सोनईच्या पुढचे. तरुणपणी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाच्या गाडीत बांधावरची माती किती आणि ऊस किती, हे बघण्यात त्यांची नजर तयार झाली आणि ती सवय त्यांनी नगरला येऊन घरांना लावली. अंगात फिक्या रंगाची सफारी, खाली मोपेड. खिशात मोजपट्टी, होकायंत्र आणि काचेची एक गोटी. गोटी फरशीवर सोडायची. ती जिकडे पळेल तिकडे नाना वाकून वाकून जात आणि भिंतीला टेकली की वर बघून म्हणत, "हितं पानी साचनार. बायकोला आत्ताच सांगून ठेवा."

त्यांचं एकच सूत्र होतं. "आधी खोट बघा, मंग घर बघा. चांगलं काय हाय ते राहता राहता दिसतंच."

या पद्धतीने धंदा कसा चालतो, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. मी आमच्या कॉलनीच्या सोसायटीची सेक्रेटरी. सावेडीच्या पुढे, गाव संपता संपता आमची कॉलनी. नोकरी सांभाळून हे काम करते, कारण सभेत "कोण करेल?" असं विचारल्यावर बाकीचे सगळे एकदम चपला शोधायला लागले. पाण्याच्या वेळा, मेंटेनन्स, भटकी कुत्री, पार्किंगची भांडणं, असल्या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. नाना कॉलनीत राहत नव्हते. जवळच एका पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत राहत. पण दिवसभर मुक्काम आमच्याकडेच. त्यांना कोणत्या यादीत घालावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्यासाठी 'इतर' असा वेगळा मथळा केला होता.

शहर तेव्हा झपाट्याने वाढायला लागलं होतं, अजूनही वाढतंय. केडगावकडची लिंबाची बाग परवापर्यंत होती, आज तिथे चुन्याच्या रेघा आणि झेंडे. जिकडे बघावं तिकडे फ्लेक्स. नव्या एजंटांची काचेची ऑफिसं, आत एसी, टेबलावर इमारतीचं छोटं मॉडेल, त्यात प्लास्टिकची झाडं. नाना त्या मॉडेलपुढे वाकून विचारत, "ह्या झाडास्नी पानी कुठून आननार?" पाट्यांवरचं शहराचं नाव बदललं तेव्हाही ते पाटीखाली मोपेड थांबवून बराच वेळ वाचत उभे होते. मला म्हणाले, "झ्याक दिसतंय. पानी एक दिवसाआडच ना?"

माणसांकडेही ते प्लॉटसारखंच बघत. नोकरी न लागलेला मुलगा म्हणजे "अजून एनए झाला न्हाई." सासू-सासरे, दीर, नणंदा असं भरलेलं घर म्हणजे "सातबाऱ्यावर लई नावं हायेत." आमच्या शेजारच्या देशपांड्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नाना चुकून तिथे होते. मुलाला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि देशपांड्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मानूस चांगला हाय, पर रस्त्याला टच न्हाई." मुलगा कुणाच्या फारसा संपर्कात नसतो, असं त्यांना म्हणायचं होतं. देशपांड्यांनी त्यांना महिनाभर दारात उभं केलं नाही.

आणि दशक्रिया. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे निम्मा जाहीर कार्यक्रम. नदीकाठी मांडव, प्रवचन, त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं, आणि भाषणाला नको म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. नाना एकही दशक्रिया चुकवत नसत. लोक कुजबुजत, "आला बघा. घर बाजारात यायच्या आधी हा येतो." कानावर पडलं तरी नाना ढिम्म. एकदा तर ते स्वतःच माइकपाशी गेले. "भाऊसाहेबांचा प्लॉट कॉर्नरचा," ते म्हणाले, "दोन्ही अंगांनी मोकळा. मानूसबी तसाच. कुनीबी कुठूनबी यावं." लोकांना हसावं की रडावं कळेना. भाऊसाहेबांची बायको मात्र तिथे पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मांडवातून बाहेर पडताना नाना वारसांना गाठत, हे खरं. ते काय सांगत, हे मी एकदा मागे उभी राहून ऐकलं. "वरीसभर घराला हात लावू नका. आत्ता जे विकाल ते रागानं विकाल." घर विकून पोट भरणाऱ्या माणसाचा हा सल्ला. मी माझ्या यादीत 'इतर'पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता साळवेबाईंबद्दल सांगते, कारण नानांची खरी गोष्ट तिथे आहे.

मार्थाबाई साळवे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बैठ्या घरात राहत. मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, साळवेसर, जाऊन बरीच वर्षं झाली. घर सरांनीच मुलाच्या, प्रकाशच्या नावावर करून ठेवलं होतं. प्रकाश पुण्याला. वाईट मुलगा मुळीच नव्हता. दर रविवारी चर्चच्या वेळेनंतर न चुकता फोन करायचा. त्याचं म्हणणं एवढंच की आईने एकटं राहू नये, घर विकावं आणि पुण्यात त्याच्या शेजारच्या इमारतीत लहानसा फ्लॅट घ्यावा. बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. "प्रकाश म्हणेल तसं," इतकंच. पण त्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्याला नवा रंग दिला आणि कुंपणाला जाईचा वेल लावला. दोन वर्षांनी फुलणारा वेल कोण लावतं, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

प्रकाशने घर नानांकडे सोपवलं. "घाई नाही," तो म्हणाला. "चांगलं कुटुंब मिळालं तर द्या. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुमच्याकडे."

तेव्हापासून नाना गिऱ्हाइकं आणू लागले. बरीच आणली. एकही टिकेना. गिऱ्हाईक आलं की बाई आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसत. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की बाहेर येत.

"गेले?"

"गेले."

"मग बसा. चहा टाकते."

मी पाण्याची नोटीस द्यायला गेले असताना हे दोन-तीनदा बघितलं. नाना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसत आणि त्यांच्या तोंडून घर, प्लॉट, टायटल यातला एकही शब्द निघत नसे. बाई त्यांना पेपर वाचून दाखवत. नानांना वाचता येत होतं. चष्मा खिशातच असायचा.

मग माझ्याकडे तक्रार आली. एका गिऱ्हाइकाने सांगितलं की कोपऱ्यावरच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आहे, सोसायटीची पाइप फुटलेली दिसते. पाइप म्हणजे माझं खातं. भर उन्हाळा, कॉलनीत टँकर येतोय, आणि पाणी भिंतीत मुरतंय! दुसऱ्या दिवशी उजाडताना मी व्हॉल्व्हपासून पाइपचा माग काढत निघाले. पाइप त्या बाजूला जातच नाही, हे लक्षात आलं तेव्हा मी बाईंच्या घराच्या मागे पोचले होते.

तिथे नाना होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. हातात पाण्याचा कॅन. भिंतीवर वरून खाली, अगदी सावकाश, पिंडीवर अभिषेक करावा तसं पाणी ओतत होते.

"नाना, काय चाललंय?"

ते दचकले. "झाडाला पानी घालतोय."

"भिंतीला?"

त्यांनी कॅन खाली ठेवला. "ताई, तुमी सेक्रेटरी हाय. काय दंड आसंल तो लावा. पर हे पानी कॉलनीचं न्हाई. माझ्या खोलीवरून आनलंय, मोपेडवर."

"अहो पण कशाला?"

"उन्हाळ्यात ओल दावायची म्हंजे रोज घालावं लागतं," नाना म्हणाले. कामाची अडचण सांगावी तसं. "एक दिस चुकला की लगीच वाळतंय. सरांनी बांधकाम लई भारी केलंय. हितं खोट म्हनून न्हाई ताई. गोटी टाकली तर जागची हलत न्हाई. मी तरी काय दाखवू लोकांस्नी?"

मला हसू आलं आणि ते तिथेच थांबलं, कारण नाना हसत नव्हते.

"बाईंनी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"छ्या! त्यास्नी ठावं बी न्हाई. आन तुमी बोलू नका." त्यांनी ओल्या हाताने कपाळ पुसलं. "मी दारात गेलो की लोक इचारतात, काय भाव चाललाय. सख्खा भाऊ बी तेच इचारतोय. ह्या बाई म्हनत्यात, बसा. आता ह्याच गेल्यावर मी बसू कुठं?"

मी व्यवहारी बाई आहे. यावर काय करावं याचे मुद्दे मनात मांडत घरी आले. प्रकाशला कळवावं का? घर त्याचं. पण बाईंना इथे राहायचंय, हे त्याला कुणी सांगायचं? बाई तर सांगत नव्हत्या. शेवटी मी तक्रारीपुढे 'पाहणी केली, गळती नाही' असं लिहिलं आणि गप्प बसले.

नानांच्या हिशेबात एक चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्याच माणसाकडून होण्यासारखी होती. आयुष्यभर त्यांनी घरं अशा लोकांना दाखवली होती की ज्यांना तिथे राहायचं होतं. घर घेणारा माणूस घर बघतो, असं ते धरून चालले; नुसती जागा घेणारा त्यांच्या हिशेबातच नव्हता. ओल बघून कुटुंबं परत जात होती, इथवर बरोबर होतं. पण आणखी एक गोष्ट राहून गेली: भिंतीच्या आतल्या बाजूला बाईंचा पलंग होता, आणि ओल काही बाहेरच थांबत नाही.

मे महिन्याच्या शेवटी प्रकाश अचानक आला. आतल्या खोलीत भिंतीचा रंग फुगून पोपडे धरले होते, खाली बुरशी. उशाकडचा गिलाव्याचा एक तुकडा आदल्याच दिवशी पडला होता. बाई खोकत होत्या. म्हणे, धूळ गेली घशात. प्रकाशने भिंतीला हात लावला, हात बघितला, आणि अंगणात येऊन मला आणि नानांना बोलावून घेतलं.

"नाना, ही भिंत एखाद दिवस आईच्या अंगावर पडेल."

"न्हाई न्हाई," नाना घाईघाईने म्हणाले, "भिंत मजबूत हाय. वरवरची ओल हाय. वाळंल ती."

"वरवरची? तुम्हीच गिऱ्हाइकांना दाखवत होतात ना? एकाने मला फोन करून सांगितलं, पायापासून ओल आहे असं ढवळेनाना म्हणाले."

"म्हनालो आसंन, पर..."

"नाना, तुम्ही कधी घराबद्दल खोटं बोललात का? मग आता माझ्या समाधानासाठी कशाला बोलताय?"

सगळ्या नगरमध्ये ज्या एका गोष्टीसाठी नानांचं नाव होतं, ती गोष्ट त्यांच्या समोर उभी राहून रस्ता अडवत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्रकाश, जरा ऐक, या ओलीचं कारण..." तेवढ्यात मागून व्हरांड्यातून बाई म्हणाल्या, "राहू द्या ताई. प्रकाश म्हणेल तसं." आणि त्यांचा आवाज असा होता की मला पुढे बोलवेना.

मग सगळं भराभर झालं. प्रकाशने काचेच्या ऑफिसवाल्या एका एजंटाला फोन केला. दुसऱ्याच दिवशी मोठ्या गाडीतून एक बिल्डर आला. त्याने घरात पाऊलही टाकलं नाही. घराकडे पाठ करून त्याने रस्त्याची रुंदी मोजली, मग कोपरा मोजला आणि मोबाइलवर कुणाला तरी म्हणाला, "स्ट्रक्चर आहे एक, ते दोन तासांत निघेल." नाना गोटी हातात धरून गेटपाशी उभे होते. ती खाली टाकायला कुणी त्यांना आत बोलावलंच नाही. ओल आहे हे ते त्यालाही सांगायला गेले. तो म्हणाला, "असू दे की काका."

बाई निघाल्या त्या दिवशी सकाळी त्यांच्या चर्चचे लोक आले होते. अंगणात सतरंजी घातली, प्रार्थना झाली, एक गीत म्हटलं गेलं. पास्टरांनी डोळे मिटून नव्या घरासाठी आशीर्वाद मागितला. कॉलनीतले आम्ही सगळे होतो. देशपांडेही आले होते. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. नाना कुंपणाबाहेर मोपेडला टेकून उभे. इतके बाहेर की प्रार्थनेतले नाहीत आणि रस्त्यावरचेही नाहीत.

"नाना, आत या," बाईंनी हाक मारली. "बाहेर काय उभे राहिलात परक्यासारखे?"

नाना आले. मी शेजारीच होते, बाईंची औषधांची पिशवी धरून. नानांनी दोनदा घसा साफ केला.

"बाई, ती भिंत... त्या भिंतीचं सांगायचं हुतं."

"माहीत आहे मला."

"न्हाई, तुमाला ठावं न्हाई. ती ओल मी..."

"अहो, माझं उसं त्याच भिंतीला होतं," बाई म्हणाल्या. "कॅनमधून पाणी ओतताना केवढा आवाज होतो. आणि तुमची ती मोपेड तर अख्ख्या कॉलनीला ऐकू येते."

"मंग बोलला का न्हाई तुमी? एक शबूद बोलला आसता तर मी तवाच थांबलो आसतो. गिलावा पडला तुमच्या उशाशी, बाई!"

"काय बोलणार?" बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हाताऱ्या माणसाला पहाटे झोप नसते. रात्र लांब वाटते. मग भिंतीपलीकडे कुणीतरी आल्याचं कळायचं. पाण्याचा आवाज यायचा. त्यावर माझा घटकाभर डोळा लागायचा. तुम्हाला बोलले असते तर तुम्ही यायचे बंद झाला असता."

प्रकाशने गाडी सुरू केली. "आई, ऊन व्हायच्या आत निघू." बाई बसल्या. मी औषधांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती ते पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण लक्ष नव्हतं. गाडी पुणे रस्त्याच्या दिशेने वळली आणि लोक आपापल्या घरी गेले. नाना व्हरांड्याच्या पायरीवर बसले. खुर्च्या टेम्पोतून गेल्या होत्या.

"नाना, चला घरी. चहा करते," मी म्हटलं.

"व्हा तुमी फुडं."

मी गेले नाही. कुंपणापाशी सतरंजी घडी करत राहिले. एरवी दोन मिनिटांचं काम, त्याला मी बराच वेळ लावला. तासाभरात बिल्डरचा माणूस पत्रे घेऊन आला. जागेला चारी बाजूंनी पत्रे ठोकायचे होते. एकटाच होता. त्याने पत्रे धाडकन खाली टाकले आणि पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"बाबा, उठावं लागंल. काम सुरू करायचंय."

नाना उठले. पँट झटकली.

तो माणूस तसा मायाळू असावा. खिळे काढता काढता त्याने विचारलं, "तुमचं घर हुतं का?"

या जागेचा मूळ मालक कोण, त्याच्याकडून कुणी घेतली, साळवेसरांनी कोणत्या साली घेतली, हे सगळं नाना झोपेतून उठवलं तरी सांगू शकत. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या बाबतीत तर त्यांनी आयुष्यात कुणाला सूट दिली नव्हती. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले.

त्या माणसाने पत्रा उभा केला. एकट्याला तो तोलेना, वाऱ्याने हलायला लागला. नाना पुढे झाले आणि त्यांनी पत्र्याचं दुसरं टोक धरलं.